तिसरा नमुना

नेरुळमधला सामना साडेनऊला संपला. चिठ्ठीत ज्याचा नंबर निघाला त्या खेळाडूने डोपिंग कंट्रोलच्या, म्हणजे बंदी असलेल्या औषधांच्या तपासणीच्या, खोलीत येईपर्यंत पाण्याच्या तीन बाटल्या रिकाम्या केल्या होत्या. लघवी लवकर व्हावी म्हणून सगळेच असं पितात, आणि तिथेच फसतात. (मी नमुने घेणारा अधिकारी; खेळ कोणता, संघ कोणता, ते सांगायचं नसतं.)

निदान ९० मिलिलिटर नमुना लागतो. भांडं खेळाडूनेच निवडायचं, हात फक्त पाण्याने धुवायचे, साबण नाही. शर्ट छातीपर्यंत वर, पँट मांडीपर्यंत खाली, आणि समोर त्याच लिंगाचा साक्षीदार. नव्या पोरांना याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते. मग खेळाडू स्वतःच ओततो: आधी ‘बी’ बाटलीत ३०, नंतर ‘ए’मध्ये ६०. झाकण टकटक आवाज थांबेपर्यंत पिळायचं आणि बाटली उलटी करून गळती बघायची. भांड्यात राहिलेल्यातल्या चार थेंबांवर रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे लघवी किती दाट ते दाखवणारं यंत्र.

आकडा आला १.००२! हवा होता किमान १.००५. इतक्या पातळ लघवीत स्टिरॉइडचे अंश इतके विरळ होतात की प्रयोगशाळेच्या हाती लागणं कठीण. नमुना १५० मिलिलिटर किंवा जास्त असता तर १.००३ चाललं असतं. हा ११० होता. पातळ नमुना फेकत नाहीत, तोही सीलबंदच राहतो. खेळाडूला मात्र पुन्हा बसावं लागतं.

दुसरा नमुना पावणेबाराला, १.००३. दरम्यान मॅनेजर मायेने इलेक्ट्रोलाइट आणून देत होते. मी हात जोडले, “साहेब, आता काही पाजू नका.” तिसरा पाऊण वाजता. १.००९.

सुटलो असं वाटलं. फॉर्म भरताना मी गेल्या सात दिवसांतली औषधं विचारली. क्रोसिन, प्रोटीन पावडर, आणि “गुडघ्यात एक इंजेक्शन”.

“स्टिरॉइडचं?”

“नाही सर, स्टिरॉइड बॉडी बनवणारे घेतात. हे दुखण्याचं होतं.”

स्नायू वाढवणारी ॲनाबॉलिक स्टिरॉइड्स बाराही महिने बंद. दुखऱ्या सांध्यात देतात ती ग्लुकोकॉर्टिकॉइड्स वेगळी. ती फक्त स्पर्धेच्या काळात बंद, पण १ जानेवारी २०२२ पासून सांध्यातलं इंजेक्शनही त्यात येतं. म्हणून औषधाचं नाव महत्त्वाचं. ट्रायॅमसिनोलोन सांध्यात घेतलं तर सामन्याआधी १० दिवसांचं अंतर सुचवलेलं आहे, दंडाच्या किंवा कमरेच्या स्नायूत घेतलं तर ६० दिवसांचं. उपचाराची खरी गरज असेल तर वैद्यकीय सवलतीचा अर्ज नंतरही करता येतो, पण त्याला कागद हवेत: तपासणीचा रिपोर्ट, डोस, तारीख. या पोराकडे डॉक्टरांची चिठ्ठीसुद्धा नव्हती.

रात्री एक वाजता फिजिओने डॉक्टरांना उठवलं. फोन स्पीकरवर होता. ट्रायॅमसिनोलोन, ४० मिलिग्रॅम, उजवा गुडघा, सहा दिवसांपूर्वी. खेळाडूने ते चारही तपशील स्वतःच्या हाताने फॉर्मवर लिहिले, आणि मग मला विचारलं, ट्रायॅमसिनोलोनमध्ये ‘लो’ की ‘लॉ’?