उंबऱ्यावरची नावं

आखाजी (अक्षय्य तृतीया), रात्री

आज उंबरा पुजताना आबा मधेच अडले. कुंकवाचं एकेक बोट टेकवत एकेका पूर्वजाचं नाव घ्यायचं. त्यांचे वडील झाले, आजोबा झाले, पणजोबा झाले, आणि मग बोट तसंच वाटीत राहिलं. दरवर्षी मागून जिजी सांगायची. ओसरीवर खांबाला टेकून, डोळे मिटून ती नावं घ्यायची आणि आबा नुसतं बोट टेकवायचे. यंदा सांगणारी नव्हती. यंदा एक घागर तिच्याच नावाची भरायची होती.

पौषात गेली जिजी. आबांची आई, माझी आजी. पण घरात काय नि गावात काय, ती सगळ्यांची जिजीच.

तिच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जून आहे, तिच्या वयाच्या कितीतरी माणसांची असते तशी. तिचा स्वतःचा हिशेब वेगळा होता. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. शहर सोडून खेड्यात भरलेलं ते पहिलंच अधिवेशन. नेहरू अध्यक्ष होते, गांधीजीही आले होते. चोपड्याकडच्या तिच्या गावातून माणसं गाड्या जुंपून गेली, त्यात तिचे वडीलही होते. "फैजपूरले काँग्रेस भरनी ना, तेनी पुढली आखाजीले मना जलम," असं ती सांगायची. म्हणजे आज तिचा वाढदिवसही. घागर भरताना हे आत्याच्या लक्षात आलं आणि तिला हुंदका आवरेना.

तापी ओलांडून ती अमळनेर तालुक्यात सून म्हणून आली. घर मोठं, शेती कोरडवाहू. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेली, आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी केल्या. त्याबद्दल ती फार बोलायची नाही. ताटात भाकरीचा तुकडा उरला की नुसती बघायची, आणि आम्ही तो मुकाट्यानं खायचो.

आजोबा गेल्यावर सालदारांचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्यांचा, हिशेब तिच्याकडे आला. आमच्याकडे सालदाराचं साल आखाजीला फिरतं: जुनं देणं-घेणं मिटवायचं, नवं साल ठरवायचं. जिजीला लिहिता येत नव्हतं. उचल किती दिली, दाणे किती गेले, कोणत्या महिन्यात कोणाच्या पोराच्या दवाखान्याला पैसे दिले, सगळं तोंडपाठ. ओसरीवर हिशेब मिटला की ती सालदाराच्या बायकोला आत बोलवायची, चहा द्यायची आणि विचारायची, पैसे घरी पोचतात का गं. पोचत नसतील तर पुढच्या सालाच्या उचलीतला काही भाग त्या बाईच्याच हातात पडायचा. यावरून गावात कुरबुर व्हायची, सालदारही रुसायचे. जिजीनं मागे घेतलं नाही. माझ्या मते तिनं आयुष्यात केलेल्या कामांतलं हे सगळ्यात मोठं काम.

दुपारी काकू मांडे करायला बसली. गहू ओलवून दळलेले, पीठ वस्त्रगाळ केलेलं, कणीक आपटून आपटून तार सुटेपर्यंत मळलेली. पुरण भरलेला गोळा थोडा लाटून हातांवर घ्यायचा आणि या हातावरून त्या हातावर झुलवत कोपरापर्यंत मोठा करत न्यायचा. जिजी आधी बांगड्या वर सारून घट्ट बसवायची. पालथ्या खापरावर पाण्याचा शिपका मारायची, चर्र आवाज ऐकायची आणि त्यावरून जाळ मागे-पुढे करायची. मांडा इतका पातळ व्हायचा की आतलं पुरण पिवळं दिसायचं, तरी फाटायचा नाही. वर्षानुवर्षं चुलीच्या झळेत राहून तिच्या हातांवर लव उरलीच नव्हती. कातडी गुळगुळीत आणि तांबूस, मनगटाशी भाजल्याचे जुने पांढरे डाग. शेवटच्या आजारपणात मी ते हात धरून बसायचे. आज काकूचे मांडे छान झाले. आमरसाशी सगळ्यांनी पोटभर खाल्ले. मला मात्र तिचे हात हवे होते.

पण खरं लिहायचं आहे ते नावांचं.

आमच्याकडे सुनेला माहेरच्या गावावरून ओळखतात. पारोळेवाली, धरणगाववाली. लग्नात नावही बदललेलं असायचं. दोन पिढ्या गेल्या की घराला फक्त गावाचं नाव आठवतं, बाई आठवत नाही. जिजीला आठवायची. कोणती सून कुठून आली, आईबापानं तिचं नाव काय ठेवलं होतं, किती लेकरं जगली, ती कशानं गेली. उंबऱ्यावर पुरुषांची नावं संपली की ती थांबायची नाही, बायकांची सुरू करायची, जन्मनावानं. एकदा भाऊबंदांतल्या एकानं टोकलं, की ही रीत नाही. जिजीनं डोळेही उघडले नाहीत. "अन् त्यास्नी रांधं-वाढं ते कोठे गयं?" एवढंच म्हणाली आणि पुढचं नाव घेतलं.

आज आबा अडल्यावर आत्या पुढे झाली. एक नाव तिनं सांगितलं, एक काकूला आठवलं, दोन मी सांगितली. शेवटचं बोट जिजीचं. तिचं माहेरचं नाव घेताना आबांचा आवाज फुटला. मग घागरीवर छोटं मडकं, त्यावर डांगर (खरबूज), सांजोरी, आंबे ठेवले. निखाऱ्यावर आगारी, म्हणजे पितरांच्या नैवेद्याचा घास, टाकली. बाहेर निंबाच्या झोक्यावर पोरींची गौराईची गाणी चालू होती.

जेवणं झाल्यावर मी वही काढली आणि सगळ्यांना ओसरीवर बसवलं. नाव, माहेरचं नाव, गाव, लेकरं. आत्याला माहेरी आल्यावर एवढं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. पाच पिढ्यांपर्यंत पोचलो. एकच जागा कोरी राहिली: पणजोबांची पहिली बायको, जी बाळंतपणात गेली. जिजी तिचं नाव दरवर्षी घ्यायची. बेटावदची होती, इथपर्यंत आबांना आठवतं. आत्या म्हणते 'स' वरून होतं, काकू म्हणते नाही.

आजोबांची चुलत बहीण पारोळ्याला असते. नव्वदीला टेकलेली आहे, फोनवर तिला ऐकू येत नाही. उद्या सकाळच्या एस.टी.नं जाऊन तिला विचारायचं ठरलंय. आबाही येणार आहेत.