‘अर्थ’ परत पाहिला

काल रात्री ‘अर्थ’ परत पाहिला आणि झोपच लागेना. 1982 चा महेश भट्टचा पिक्चर, बायको पूजा म्हणजे शबाना आझमी, नवरा इंदर म्हणजे कुलभूषण खरबंदा आणि तिसरी, कविता, म्हणजे स्मिता पाटील. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी कॉलेजात होते, व्हीसीआर भाड्याने आणलेला, आई शेजारी बसून मटार सोलत होती, आणि मला स्मिताचा इतका राग आलेला की बास! पार्टीत पूजा दारू पिऊन तिला सगळ्यांसमोर बोलते, पदर खाली घसरलाय त्याचंही भान नाही, तेव्हा मी मनात म्हणत होते, बोल अजून बोल.

आता मात्र स्मिताकडे बघवत नाही. कविता घाबरलेली आहे हो, सतत घाबरलेली. जो माणूस एकीला सोडून आलाय तो आपल्यालाही सोडेल हे तिला आत कुठेतरी कळलंय, आणि ती भीती स्मिता नुसत्या डोळ्यांतून दाखवते.

पूजा अनाथ, तिला आयुष्यभर स्वतःचं घर हवं असतं. नवरा नव्या फ्लॅटची चावी हातात देतो तेव्हा काय खुलते ती! आणि मग कळतं की या घराचा पैसा कवितासोबत राहून आलाय. ती ते घर सोडते, लग्नात आणलेले 2000 रुपये घेऊन हॉस्टेलवर जाते. माझ्या मते खरा घाव तिथे बसतो, दुसरी बाई हे नंतरचं.

शेवटी इंदर परत येतो, माफी मागतो. ती विचारते, हेच मी केलं असतं तर तू मला परत घेतलं असतंस? तो नाही म्हणतो. खोटं बोलत नाही एवढंच त्याचं बरं. आणि ती त्याला जायला सांगते, पुढे तिचा मित्र झालेल्या राजकिरणलाही नाही म्हणते, इतकं प्रेम करणाऱ्याला! तेव्हा मला ते पटलं नव्हतं, आता शंभर टक्के पटतं.

पण सगळ्यात जास्त आत गेली ती रोहिणी हट्टंगडी. पूजाची कामवाली. लेकीच्या शाळेसाठी पै पै साठवते, ते पैसे दारुडा नवरा चोरतो आणि ती त्याला मारून टाकते. तिच्यासाठी ना हॉस्टेल ना कैफी आझमींनी लिहिलेली गाणी. लेकीला मग पूजा सांभाळते.

त्या सीनला आईचे मटार सोलणारे हात थांबलेले, एवढं मला लख्ख आठवतं. दुसऱ्या दिवशी भांडीवाल्या मावशी आल्या तेव्हा आईने त्यांना चहा दिला आणि विचारलं, पोरीची फी भरली का हो?