खाजवू नको

माझ्या कानावर सगळ्यात जास्त वेळा पडलेलं वाक्य कोणतं, असं कुणी विचारलं तर मला आठवत बसावं लागणार नाही. ‘खाजवू नको.’ आधी आई म्हणायची, मग वर्गातले मास्तर, मग बायको. आता मुलगी म्हणते, तेही पुस्तकातून मान वर न करता. तिला बघायची गरज पडत नाही, आवाजावरून कळतं. कोरड्या कातडीवर नखं फिरली की कागदावर खोडरबर घासल्यासारखा खर्र खर्र आवाज होतो आणि तो शेजारच्या खोलीतही ऐकू जातो.

कोपराच्या आतली घडी, गुडघ्यामागची खाच, मनगट, मान. ही त्याची ठरलेली ठिकाणं. त्याची म्हणजे इसबाची. ‘इसब’ हा शब्द मला लांबच्या नात्यातल्या माणसाच्या नावासारखा वाटतो. न सांगता येतो, महिनाभर मुक्काम ठोकतो, एके दिवशी निघून जातो, आणि आपण अंथरूण-पांघरूण आवरून ठेवलं की पुन्हा दारात हजर. डॉक्टर त्याला एक्झिमा म्हणतात. तो शब्द मूळचा ग्रीक, अर्थ उकळून वर येणं, उतू जाणं. ज्याने तो पहिल्यांदा वापरला त्याने भर पुरळ उठलेला हात जवळून पाहिलेला असणार.

माझ्या कागदांवर या नावाच्या मागे ‘अटॉपिक’ असंही लिहिलेलं असतं. दमा, शिंका आणि असल्या कातडीचे प्रकार एकाच घरात का फिरतात, हे 1923 साली अमेरिकेतल्या कोका आणि कुक या दोघांना एका शब्दात सांगायचं होतं. शब्द सुचेना, म्हणून त्यांनी ग्रीकच्या एका प्राध्यापकाला गाठलं. त्याने ‘अटॉपी’ दिला. त्यातल्या मूळ शब्दाचा अर्थ जागा सोडून असलेलं, विचित्र. थोडक्यात, ‘काहीतरी भलतंच’ एवढं निदान ग्रीकमध्ये करून मिळालं. मला त्यात प्रामाणिकपणा दिसतो.

पण सगळ्यात प्रामाणिक माणूस म्हणजे सामुएल हाफेनरेफर, हा जर्मन वैद्य. त्याने 1660 मध्ये खाजेची व्याख्या केली, ती अजून पुस्तकांत चालते: खाजवावंसं वाटायला लावणारी नकोशी जाणीव. पुन्हा वाचा. व्याख्येतच खाजवणं आहे. म्हणजे खाज सुटलेल्याला ‘खाजवू नको’ म्हणणं हे शिंक नाकात आलेल्या माणसाला ‘थांब जरा’ म्हणण्यासारखं झालं. आईला हे सांगायची संधी मला मिळाली नाही, कारण ही व्याख्या मला फार उशिरा सापडली.

खाजवण्यात सुख असतं हे उघड बोलायला लोक लाजतात. मी लाजत नाही. नखांनी होणारी बारीकशी वेदना मज्जारज्जूतच खाजेचा निरोप अडवते, म्हणून क्षणभर जे वाटतं त्याला समाधी हाच शब्द योग्य आहे. पण पुढची पंचाईत अशी की वेदना शमवायला मेंदू जे सेरोटोनिन सोडतो, तेच खाजेच्या मज्जापेशींना पुन्हा उठवून बसवतं. निदान उंदरांवरच्या प्रयोगांत तरी तसं दिसलंय. त्यात नखांनी कातडी सोलवटली की तिथला दाह वाढतो, आणि दाह वाढला की खाज. ‘खाजवून खरूज काढणे’ हा वाक्प्रचार आपण भांडकुदळ माणसांसाठी वापरतो, पण तो ज्याने घडवला त्याला हे चक्र पुरतं ठाऊक होतं.

मी वर्षानुवर्षं खाजेवरच्या गोळ्या घेतल्या. झोप उत्तम लागायची, आणि झोपेत मी उत्तम खाजवायचो. त्याचं कारण कळलं ते खाजकुयलीमुळे. या वेलीच्या शेंगांवरची लव अंगाला लागली की माणूस नाचायला लागतो, तिच्या शास्त्रीय नावात ‘खाज आणणारी’ असा शब्दच आहे. 1955 मध्ये शेली आणि आर्थर या संशोधकांनी दाखवलं की या लवेत प्रथिनं फोडणारं एक द्रव्य असतं आणि खाज त्याने सुटते. डास चावल्यावर किंवा पित्त उठल्यावर जी खाज सुटते ती हिस्टामिन या शरीरातल्याच रसायनाची. खाजकुयलीची वाट वेगळी. इसबाची खाजही बरीचशी अशाच आडवाटांनी येते. गोळ्या हिस्टामिनच्या हमरस्त्यावर पहारा देत उभ्या, आणि चोर मागच्या गल्लीतून घरात. मला नुसतीच झोप का लागायची याचा उलगडा असा झाला.

तर ही मागची गल्ली. इतकी वर्षं मी कातडीतून काहीतरी बाहेर काढायच्या मागे होतो. उष्णता काढायची, रक्तातली घाण काढायची, मळ काढायचा. ज्याने त्याने जे सुचवलं त्यात ‘काढून टाक’ हे क्रियापद पक्कं. मी कडक साबण लावला, खसखसून घासलं, कढत पाणी ओतलं. अंग चरचरायला लागलं की वाटायचं, चला, लागू पडतंय.

मग एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी समोरच्या कागदावर भिंत काढली. विटा आणि त्यांच्यामधला चुना. विटा म्हणजे कातडीच्या सगळ्यात वरच्या मेलेल्या पेशी, त्यांचे पंधरा-वीस थर, आणि सगळे मिळून जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढी, कधी त्याहूनही कमी. चुना म्हणजे स्निग्ध पदार्थ: जवळजवळ निम्मा सेरामाइडचा, बाकी कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं. कोलेस्टेरॉल! ज्याच्या नावाने आपण सकाळी चालायला जातो, ते इथे इमानेइतबारे गवंडीकाम करतं. इसब होणाऱ्या कातडीत हा चुना कमी पडतो. बऱ्याच जणांच्या विटाही कच्च्या असतात. फिलॅग्रिन नावाचं एक प्रथिन या विटा घट्ट बांधतं, आणि त्याचे तुकडे झाले की ते तुकडे पाणी धरून ठेवतात. त्याच्या जनुकातला दोष आणि इसब यांचं नातं 2006 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी सहकाऱ्यांबरोबर उघड केलं. भिंत अशी पोकळ असली की आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरची धूळ, घाम, साबण, जंतू आत शिरतात.

‘तुम्ही गळकी भिंत रोज घासून धुताय,’ बाई म्हणाल्या.

मी ओशाळलो. त्यांनी ओशाळायला वेळ दिला नाही, लगेच साबणाकडे वळल्या. निरोगी कातडीचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो, सामू साधारण 5. नेहमीच्या साबणाचा 9 ते 10. ज्या आम्लतेत सेरामाइड घडवणारी विकरं काम करतात ती साबणाने मोडते आणि वर उरलासुरला चुनाही धुऊन जातो. म्हणजे चरचर होत होती ती औषध लागू पडल्याची नव्हती.

साबण सोडणं सोपं गेलं. कढत पाणी सोडणं नाही. कढत पाण्याची धार खाजऱ्या पोटरीवर पडते तेव्हा जे सुख लाभतं ते एकाच वेळी शंभर हातांनी खाजवल्याचं असतं. ज्याने अनुभवलंय त्याला पटेल, बाकीच्यांना वाचून किळस येईल. फ्रेंच राज्यक्रांतीतला एक पुढारी, ज्याँ-पोल मारा, कातडीच्या दुखण्यापायी तासन्‌तास टबात बसून असायचा, टबावर फळी टाकून तिथेच लिहायचा. 13 जुलै 1793 ला शार्लट कोर्देने त्याला त्या टबातच भोसकलं. त्याला नेमकं काय झालं होतं यावर जाणकार अजून भांडतात. त्याच्या मृत्यूचं ते प्रसिद्ध चित्र मी पाहतो तेव्हा क्रांतीचा विचार नंतर येतो. आधी मनात येतं की हा रोज पाण्याबाहेर आल्यावर याची कातडी काय ताणत असेल!

कारण पाणी कातडीत टिकत नाही. वाळताना आपल्याबरोबर आतलंही थोडं घेऊन जातं. म्हणून आमची आंघोळ आता कोमट, पाच-दहा मिनिटांची, आणि टॉवेलने नुसतं टिपायचं. मग अंग ओलसर असतानाच, तीनेक मिनिटांत, मलम. ही तीन मिनिटं म्हणजे रोजची धावपळ आहे. दाराची बेल, फोन, कुकरची शिट्टी, जगातल्या सगळ्या गोष्टी नेमक्या त्याच तीन मिनिटांत घडतात. मी उघडा, चकचकीत, एका पायावर मलम चोपडत उभा. कुस्तीच्या आधीचा पैलवान म्हणावं तर बाकी शरीरयष्टी साथ देत नाही.

मलमांच्या बाबतीत माणूस आयुष्यभर शोधात राहतो. कपाटात माझी अर्धवट वापरलेली डबी-ट्यूबांची स्मशानभूमी आहे. काहींत ग्लिसरीन किंवा युरिया असतो, तो पाणी ओढून धरतो. भेगा पडलेल्या जागी युरिया लावला तर मात्र डोळ्यांतूनही पाणी काढतो. काही नुसतं झाकण घालतात. झाकणांचा राजा म्हणजे पेट्रोलियम जेली. पेनसिल्व्हेनियातल्या तेलविहिरींवर पंपाच्या दांड्यांना चिकटणारा मेणचट गाळ तिथले कामगार कापल्या-भाजल्यावर लावायचे. रॉबर्ट चेझब्रो याने तो शुद्ध करून 1872 मध्ये व्हॅसलीनचं पेटंट घेतलं. या जेलीत पाण्याचा थेंब नसतो. ती काही देत नाही, फक्त आतलं बाहेर जाऊ देत नाही. अशी माणसंही असतात, आणि घरात एखादं असावं.

इंग्लंडमध्ये इसब असलेल्या 550 मुलांवर लोशन, क्रीम, जेल आणि ऑइंटमेंट अशा चार प्रकारांची तुलना झाली. 2022 मध्ये निकाल आला: गुणात चौघांत फरक नाही. हे वाचून मी कपाट उघडलं आणि त्या स्मशानभूमीसमोर जरा वेळ उभा राहिलो. मग बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलेला प्रश्न आठवला: ‘यातलं रोज लावायला कुठलं जमेल?’ त्या वेळी मला तो प्रश्न टाळाटाळीचा वाटला होता.

रोज लावण्याचे परिणाम घरभर दिसतात. दाराच्या मुठी निसरड्या होतात. पुस्तकाच्या पानांवर खिडक्या उमटतात, त्यातून पलीकडची ओळ वाचता येते. फोन माझा अंगठा ओळखत नाही. एक तर मलमाने बुळबुळीत, नाहीतर इसबाने रेषाच पुसलेल्या, दोन्हीकडून मी परकाच. गंमत बाजूला ठेवून एक सांगतो: मलम मुरलेले कपडे आणि चादरी लवकर पेट घेतात, धुतल्यावरही अंश राहतो. आगीजवळ जाताना याचं भान हवं.

स्टेरॉइडच्या मलमाबद्दल लोक कुजबुजत बोलतात. 1952 मध्ये सल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिझोन हे स्टेरॉइड कातडीवर लावून पाहिलं आणि त्वचारोगांचा नूरच पालटला. मी दोन्ही चुका केल्यात. एकदा घाबरून वाटाण्याएवढं मलम दोन्ही पायांना पुरवलं, आणि एकदा कुणाच्या तरी सांगण्यावरून कुणालाही न विचारता कडक मलम महिनोन्‌महिने चोपडलं, इतकं की मनगटावरची कातडी पातळ होऊन खालच्या शिरा नकाशासारख्या दिसायला लागल्या. माप खरं तर बोटावरच आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि ती बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. कोणतं आणि किती दिवस, ते डॉक्टरांनी सांगायचं.

एवढं सगळं करून रात्र उरतेच. रात्री अंगातलं दाह आवरणारं कॉर्टिसॉल उतरतं, कातडी गरम होते, पाणी जास्त उडतं, आणि दिवसभर शहाण्यासारखा वागलेला माझा उजवा हात माझा राहत नाही. नखं मी मुळापर्यंत कापतो, सुती मोजे घालून झोपतो. सकाळी मोजे उशाशी नीट घडी करून ठेवलेले सापडतात. झोपेत काढून घडी! जागेपणी मी कधी रुमालाची घडी केलेली नाही, असं बायकोचं म्हणणं.

परवा दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो. समोर पाच-सहा वर्षांची एक मुलगी आईला टेकून बसलेली. बाही वर सरकवून कोपराची घडी खाजवत होती, अगदी तन्मयतेने, जीभ किंचित बाहेर काढून. खाज बघूनही लागते, आणि इसबवाल्यांना जास्तच. जर्मनीत एकदा खाजेवरच्या जाहीर व्याख्यानात पिसवांची आणि असल्याच बारीक जिवांची चित्रं दाखवली आणि श्रोत्यांचं चित्रण करून ठेवलं. सभागृह खाजवत होतं. हे वाचता वाचता तुमचाही हात मानेकडे गेला असेल तर रागावू नका.

माझा तर कधीच गेला होता. मुलीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. तिने वेग वाढवला. मीही.

‘खाजवू नको,’ तिची आई मासिकातून मान वर न करता म्हणाली.

आम्ही दोघांनीही पटकन हात मांडीवर ठेवले.