ट्रेलर, चिखल आणि अठ्ठावन्न किलोमीटर

ग्लायडिंग, म्हणजे बिनइंजिनाचं विमान उडवणं, शिकवणाऱ्याला थंडी संपता संपता एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो: "सर, कधी निघायचं?" या वेळी विचारणारी माझी विद्यार्थिनी होती. एकटीने केलेली सोलो उड्डाणं झालेली, हात उत्तम, पण अजून धावपट्टीच्या नजरेबाहेर गेलेली नव्हती. तिला सिल्व्हर बॅज या ग्लायडिंगमधल्या मानचिन्हाचे टप्पे पूर्ण करायचे होते: 50 किलोमीटर अंतर, 1000 मीटर उंचीची कमाई आणि सलग 5 तासांचं उड्डाण. आमच्या मैदानाभोवतीची जमीन अजून पाण्याने फुगलेली होती, म्हणून ग्लायडर ट्रेलरमध्ये भरून उंचावरच्या, निचऱ्याच्या जमिनीवरच्या मैदानाकडे न्यायचं ठरलं.

शुक्रवारी संध्याकाळी शीत आघाडी, म्हणजे पुढे सरकणाऱ्या थंड हवेची कड, आमच्यावरून सरकणार होती. आघाडी गेली की मागून थंड, कोरडी, स्वच्छ हवा येते. वर थंड हवा आणि खाली चढतं ऊन असं जुळलं की वसंताच्या सुरुवातीचे ते एक-दोन दिवस ग्लायडरवाल्यांसाठी सोन्याचे. हान्स-वेर्नर ग्रोसे या जर्मन ग्लायडर वैमानिकाने जर्मनीतल्या ल्युबेकहून फ्रान्समधल्या बियारित्सपर्यंत 1460 किलोमीटरचं सरळ उड्डाण केलं ते 25 एप्रिल 1972 ला, म्हणजे वसंतातच, पाठीशी वारा घेऊन. हे तिला पाठ होतं. म्हणून तिची योजना अशी: शुक्रवारी रात्री निघायचं, रात्रभर गाडी चालवायची, शनिवारी सकाळी ग्लायडर जोडायचं आणि उडायचं.

मी नको म्हणालो, आणि कारणं एकेक करून तिच्यापुढे मांडली.

पहिलं कारण वाऱ्याचं. आघाडी सरकताना आणि नंतरचे काही तास वारा झोतांनी येतो. ट्रेलर म्हणजे नऊ मीटर लांबीची उंच पेटी, आडवा वारा तिला आयता धरतो. मागचं टोक डुलायला लागलं की ती डोल गाडीपर्यंत पोचते. अशा वेळी ॲक्सिलरेटर हलकेच सोडायचा, स्टीअरिंग सरळ धरायचं, झटका द्यायचा नाही, हे दिवसाउजेडी ताज्या डोक्याने जमतं. रात्री तीन वाजता, डोळ्यांवर झापड असताना, मी त्याची खात्री देणार नाही. आणि रात्रभर जागलेल्या माणसाला मी कॉकपिटमध्ये बसवत नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. रात्री जमीन दिसत नाही. ज्या पट्ट्यावरून ती उडणार होती, त्याच पट्ट्यातून आमचा रस्ता जात होता. कुठलं शेत कोरडं, कुठल्याला उतार, कुठे तारा, कुठे कुंपण हे तिला जमिनीवर उभं राहून बघायला मिळणार होतं, तेही उडायच्या आदल्या दिवशी. नकाशात चिखल दिसत नाही. उपग्रहाचं चित्र कुठल्या तरी उन्हाळ्यातलं असतं.

"म्हणजे शनिवार वाया?" तिने विचारलं.

"वाया कसा? शनिवारी आपण शेतं बघत जायचं, रविवारी उडायचं."

ती नाराज झाली. पण तिने रविवारचा अंदाज स्वतः काढून आणला, हे मला फार आवडलं. दुपारचं तापमान 8 अंश, दवबिंदू उणे 4. फरक 12 अंशांचा, दर अंशाला साधारण 125 मीटर, म्हणजे ढगांचा तळ 1500 मीटरच्या आसपास. चढती हवा किलोमीटरमागे जवळपास दहा अंशांनी थंड होते, म्हणजे तळाशी उणे सात. कॅनोपीखाली, म्हणजे कॉकपिटच्या पारदर्शक झाकणाखाली, खांद्यांवर ऊन येतं, पण पाय ग्लायडरच्या नाकात, सावलीत असतात. तासाभरात बोटं बधिर होतात. म्हणून लोकरी मोजांच्या दोन जोड्या आणि सैल बूट यादीत चढले. पिण्याचं पाणीही. थंडीत तहान लागत नाही, पण पाण्यावाचून निर्णय मंदावतात.

पाच तासांचं काय, हेही तेव्हाच मोकळं बोललो. दिवस जेमतेम बारा तासांचा, त्यात थर्मल, म्हणजे तापून वर चढणारे हवेचे झोत, चालू होणार साडेअकराच्या पुढे आणि चारला मावळणार. पाच तास बसतच नव्हते. उंची आणि अंतर एवढंच लक्ष्य ठेवलं.

अंतराच्या नियमात एक खोच आहे. शंभर किलोमीटरपर्यंतच्या उड्डाणात सुरुवातीची उंची आणि शेवटची उंची यांतला फरक अंतराच्या एक टक्क्याहून जास्त चालत नाही. 50 किलोमीटरला 500 मीटर. उतरायचं ठिकाण खोऱ्यात, सुटायच्या मैदानापेक्षा खाली असेल, तर तो फरकही यात धरला जातो. आमच्या पट्ट्यातली शेतं मैदानाहून शंभरेक मीटर खाली होती. टो प्लेनची, म्हणजे ग्लायडर ओढून वर नेणाऱ्या विमानाची, दोरी 600 मीटरवर सोडली असती, तर पन्नास किलोमीटर उडूनही कागदावर काही मिळालं नसतं. म्हणून ठरलं, 400 मीटरवर सुटायचं.

शुक्रवारी ट्रेलरची तपासणी काकांनी केली. काका आयुष्यभर गॅरेजमध्ये काम केलेले, आता आमच्या क्लबचा आधार. दिवे, इंडिकेटर, सुरक्षा तार, हुकावर पडणारं वजन, सगळं नीट होतं. मग ते टायरपाशी उकिडवे बसले आणि मला खुणेने बोलावलं. नक्षी नव्यासारखी, कारण ट्रेलर फिरतो किती? पण त्यांनी बाजूच्या भिंतीवर अंगठा दाबून रबर ताणलं, तेव्हा केसाएवढ्या भेगा उघडल्या. शेजारी कोरलेले चार आकडे: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 1114, म्हणजे 2014 चा अकरावा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजून नाही, उभ्या उभ्या म्हातारे होऊन फुटतात, आणि फुटतात ते नेमके भरलेले असताना, वेगात. दोन्ही बदलले. रात्री निघालो असतो, तर ही तपासणी बॅटरीच्या उजेडात घाईने उरकली गेली असती.

शनिवारी उजाडल्यावर निघालो. वारा अजून होता, काट्याने ऐंशी ओलांडले नाहीत. माथ्यांवर सावलीच्या बाजूला बर्फाचे पट्टे उरले होते, सूर्याकडच्या उतारांवर जमीन उघडी, तपकिरी. मी तिला दाखवत होतो: बर्फ ऊन परतवतो, ओली जमीन ऊन पाण्याची वाफ करण्यात घालवते, हवा तापते ती कोरड्या उतारावर आणि निष्पर्ण झाडीच्या काठावर. उद्या थर्मल तिथे शोधायचा.

तीन-चार ठिकाणी थांबलो. एका ठिकाणी रस्त्यालगत मोठं नांगरलेलं शेत होतं. सपाट, लांब, वरून बघणाऱ्याला मोहात पाडेल असं. मालक तिथेच होता. त्याला विचारून ती बांधावरून आत उतरली आणि टाच दाबली. बूट घोट्याच्या खालपर्यंत गेला, बाहेर काढताना शोषल्यासारखा आवाज आला. वरचा थर वाऱ्याने वाळून फिका पडला होता, खाली नुसता गारा. अशा जमिनीत ग्लायडरचं चाक रुततं, नाक खाली जातं, शेपूट उचलतं किंवा यंत्र गरकन फिरतं. पलीकडे हिरवं पीक होतं, सरींमध्ये पाणी चमकत होतं. त्याच्याही वर, किंचित चढाच्या अंगाला, गुरांचं गवताळ रान. तिथे टाचेचा नुसता ठसा उमटला. तिने तो ठसा वाकून पाहिला, बोटाने चाचपला, आणि गाडीत बसल्यावर बराच वेळ बोलली नाही.

रविवारी सकाळी ग्लायडर जोडलं. पंखांच्या पिना, शेपटीचा बोल्ट, कंट्रोलचा एकेक सांधा आणि त्यावरची सुरक्षा पिन. मग मी बाहेरून पंखांवरचे आणि शेपटीवरचे हलते पृष्ठभाग हातांनी धरले, तिने आतून काठी हलवली, प्रत्येक पृष्ठभाग योग्य दिशेने जोर लावतो का ते पाहिलं. बॅटरी रात्री खोलीत ठेवली होती, थंडीत तिचा दम कमी होतो म्हणून. साडेबाराला टो प्लेनने उचललं, 400 वर दोरी सुटली.

पहिली वीस मिनिटं अवघड गेली. ती 350 पर्यंत खाली आली. मी रेडिओवर काही बोललो नाही, कारण ती बरोबर त्या तपकिरी उताराकडे वळली होती. मग एक वळसा, दुसरा, आणि ग्लायडर वर चढताना दिसलं. "चौदाशे वीस," तिचा आवाज आला. हजाराहून जास्त मीटरची कमाई झाली होती. मी आणि काका ट्रेलर घेऊन खालच्या रस्त्याने निघालो.

दोनच्या सुमाराला समोरचं आकाश बदललं. वरच्या स्थिर थराला टेकून ढग पसरायला लागले, फटी बुजल्या, जमिनीवर सलग सावली पडली. सावलीत थर्मल मरतात. पुढचं मैदान सोळा किलोमीटरवर, तिची उंची 700. तिच्या ग्लायडरचं कागदावरचं प्रमाण एकास अडतीस, म्हणजे 700 मीटरमध्ये साडेसव्वीस किलोमीटर. मी शिकवतो ते एकास वीस धरायला, आणि उतरण्याच्या फेरीसाठी 250 मीटर हातचे ठेवायला. त्या हिशोबात मैदान बसत नव्हतं. कागदी आकड्याच्या मोहाने पुढे रेटून किती चांगली माणसं झाडांच्या उंचीवर शेत शोधत बसली आहेत! मी माईक हातात धरून होतो.

"मैदान गाठत नाही. शेत बघते," ती म्हणाली. आवाज शांत. मग 450 वर: "नांगरलेलं मोठं आहे, ते घेत नाही. वरचं गवत घेते. वायव्येचा वारा, चढावर उतरते. दक्षिणेला खांब आहेत, तारा असणारच असं धरून चालले आहे."

काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

आम्ही पोचलो तेव्हा दहा मिनिटं कमी तीन वाजले होते. हे कालचं रान नव्हतं, तिने ते आधी कधी पाहिलेलं नव्हतं, पण जात तीच: वरच्या अंगाचं, निचऱ्याचं, गुरांनी आखूड कुरतडलेलं गवत. चाकाचा माग साठेक मीटर सरळ, कुठेही रुतल्याची खूण नाही. दोनशे पावलांवर, खालच्या अंगाला, ते मोठं नांगरलेलं शेत होतं. मी त्यात उतरून पाहिलं. बूट गेला.

शेतमालक रबरी बूट घालून आला. गुरं अजून गोठ्यातच होती, म्हणून काळजी नव्हती. पण गाडी गवतावर नको, चाकोऱ्या पडतील, असं त्याने सांगितलं, आणि ते रास्त होतं. ट्रेलर फाटकापाशी खडीवर लावला. सांध्यांवरची चिकटपट्टी थंड बोटांनी सोलली, आधी शेपटीचा आडवा पंख काढला, मग मुख्य पंखांच्या पिना. साठेक किलोचा एकेक पंख फाटकापर्यंत हातांनी नेला, मुळाशी काका आणि शेतमालक, टोकाला ती.

लॉगरची, म्हणजे उड्डाणाची नोंद ठेवणाऱ्या यंत्राची, फाइल गाडीतच उघडली. उंचीची कमाई 1070 मीटर. सुटल्यापासून अंतर 58 किलोमीटर, त्याला 580 मीटरचा फरक चालतो. तिचा भरला 490. दोन्ही टप्पे झाले.

पाच तास उरले. तेवढा वेळ स्थिर वाऱ्यात डोंगरकडेवर तरंगत काढता येतो, त्याला उन्हाची इतकी गरज लागत नाही. परतताना सोमवारी तिनेच नकाशा काढला आणि लांबचा रस्ता सुचवला. तो डोंगर त्या बाजूला आहे, आणि त्याच्या पायथ्याची शेतं आम्ही अजून पाहिलेली नव्हती.