फॅट ई-बाईक: पैसे नक्की कशाचे देतोय आपण?

"फॅट बाईक घेऊ का रे, इलेक्ट्रिकवाली?" असं विचारणारे इतके झालेत की एकदाचं लिहूनच टाकतो, पुढच्या वेळी लिंक पाठवून मोकळा.

मी अलिबागजवळ राहतो. माझ्याकडे आहे ती २६ बाय ४ इंचाच्या जाड टायरची (म्हणूनच 'फॅट'), मागच्या चाकात २५० वॅटची हब मोटर, ३६ व्होल्टची बॅटरी, पुढे स्प्रिंगवाला फोर्क, सात गियर. म्हणजे बाजारात पन्नास हजारांपासून पाऊण-एक लाखापर्यंत ज्या दिसतात त्यातलीच एक. इथे आमची अशी थोडी टाळकी जमलीत, बँकेतून रिटायर झालेले एक काका, नागावचा एक रिसॉर्टवाला ज्याने पाहुण्यांना भाड्याने द्यायला या सायकली ठेवल्यात, पुण्याहून सुट्टीला येणारा एक डॉक्टर आणि त्याचा भाचा. ओहोटीची वेळ बघून अक्षी-नागावच्या वाळूत चक्कर मारायची, मग चहा, आणि चहावर विषय एकच, कोणाचं काय गेलं आणि किती लागले.

या सगळ्या बडबडीतून माझं एक मत झालंय आणि ते लोकांना वाटतं त्याच्या बरोबर उलटं आहे. लोक घाबरतात इलेक्ट्रिकला. मोटर जळेल, बॅटरी जाईल, कोण दुरुस्त करणार वगैरे. पण रडवतो तो फॅट भाग. वायरीतलं बहुतेक सगळं मिळतं, बदलता येतं. चार इंचाच्या टायरभोवती जे काही आहे ते मात्र पेठेतल्या सायकलवाल्याकडे नसतं, आणि ऑनलाइन मागवलं तर मापं जुळतील याची खात्री नसते.

आधी बॅटरी, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच आहेत. जाहिरातीत काय किलोमीटर लिहिलेत ते विसरा. बॅटरीवर व्होल्ट आणि एएच (अँपियर-अवर) लिहिलेले असतात त्यांचा गुणाकार करा. ३६ गुणिले १०.४ म्हणजे साधारण ३७४ वॅट-अवर. पॅडल न मारता नुसतं थ्रॉटलवर जाड टायर ओढायला सपाट रस्त्यावर किलोमीटरला १२-१५ वॅट-अवर जातात असं धरा, म्हणजे २५ ते ३० किलोमीटर, बास. पॅडल मारत गेलात तर ४०-४५ होतात. त्याच्या पुढचे आकडे मोटरची मदत (असिस्ट) सगळ्यात खाली ठेवून, गुळगुळीत रस्त्यावर आणि हलक्या माणसाला बसवून काढलेले असतात. वाळूत तर हिशोबच सोडा, बघता बघता काटा खाली येतो.

आत काय असतं तर १८६५० नावाचे सेल, बोटाएवढे. १०.४ एएचच्या पॅकमध्ये बहुतेक वेळा दहाची एक अशी चार ओळीत मांडणी असते, म्हणजे चाळीस सेल आणि वर एक बीएमएस, म्हणजे सेल सांभाळणारं सर्किट. फुल चार्जला ४२ व्होल्ट दिसायला पाहिजेत. सेल कुठल्या कंपनीचे हे विचारा, सांगत नसतील तर त्यातच उत्तर आलं. काका बँकेतले असल्यामुळे त्यांनी टॅक्सचाही मुद्दा काढला, अख्खी ई-सायकल घेताना ५ टक्के जीएसटी लागतो पण नुसती बॅटरी नंतर वेगळी घ्यायला गेलात तर १८ टक्के. तीन-चार वर्षांनी बॅटरीचे वीसेक हजार लागणार हे आजच किंमतीत मिळवा, मग तुमच्या सायकलची खरी किंमत कळेल. आणि पावसाळ्यात चार महिने सायकल पडवीत उभी राहणार असेल तर बॅटरी फुल करून ठेवू नका, पूर्ण उतरवूनही नको, निम्म्यावर ठेवा आणि महिन्यातून एकदा बघा. हे कुठलाच सेल्समन सांगत नाही का ते मला कळलेलं नाही.

मोटरचं म्हणाल तर २५० वॅट हा आकडा फसवा आहे, पण आपल्या फायद्याचा. कंट्रोलर, म्हणजे मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा डबा, १५ अँपियरचा असेल तर ३६ गुणिले १५, म्हणजे चढावर थोडा वेळ बॅटरीतून ५४० वॅट ओढले जातात. त्यामुळे खरेदी करताना मोटरपेक्षा कंट्रोलर किती अँपियरचा ते विचारा. आमच्या इथल्या खाऱ्या हवेने काकांचा कंट्रोलर गेला तर तो दोन-अडीच हजारात बदलून झाला, फक्त डिस्प्लेशी जुळणारा बघून घ्यावा लागतो, नाहीतर दोघं एकमेकांशी बोलतच नाहीत. थ्रॉटल, ब्रेक लिव्हर, सेन्सर, सगळं सुटं मिळतं. म्हणून म्हणतो इलेक्ट्रिकला घाबरू नका.

फक्त हब मोटरला घाट आवडत नाही हे लक्षात असू द्या. डॉक्टरने एकदा सिंहगडचा हिशोब मांडला होता तो इथे देतो. पायथ्यापासून वर साधारण ६०० मीटर चढ. माणूस ८० किलो, सायकल ३० किलो, म्हणजे ११० किलो ६०० मीटर उचलायचे, त्याला निव्वळ १८० वॅट-अवर लागतात. मोटर त्या वेगाला फार तर ७० टक्के कार्यक्षम, म्हणजे बॅटरीतून २५५ च्या पुढे, वर जाड टायरची घसट आणि हवा. म्हणजे नुसत्या थ्रॉटलवर गेलात तर वर पोचेपर्यंत पाऊण बॅटरी साफ. आणि वेग पडला की बाकीची वीज उष्णता होऊन हबमध्येच साठते, गियरवाल्या हबच्या आत नायलॉनची चाकं असतात ती मऊ पडतात. उपाय काही मोठा नाही, पॅडल मारायचं, गियर हलका ठेवायचा, मध्ये थांबून हब हाताने चाचपायचा. पण "घाट आरामात चढते" असं कोणी छातीठोक सांगितलं तर त्याला एकदा सोबत घेऊन जा.

आता फॅट भाग.

ही सायकल मुळात बर्फासाठी. ऐंशीच्या दशकात अलास्कातले लोक बर्फात शर्यतीला जायचे तेव्हा दोन रिम शेजारी शेजारी वेल्ड करून रुंद चाक बनवायचे. वाळूसाठी रुंद रिम करायचा उद्योग न्यू मेक्सिकोकडे झाला, आणि २००५ मध्ये सर्ली कंपनीने पग्सली नावाची सायकल काढली ३.७ इंची टायरची, तेव्हा कुठे ती दुकानात जाऊन विकत घेता यायला लागली. सांगायचं कारण हे की इतकं रुंद टायर बसवायला मागचा हब १७०-१९० मिलीमीटरपर्यंत जातो, पॅडलच्या मधलं बॉटम ब्रॅकेटचं शेल (पॅडलचा दांडा फिरतो ती नळी) ६८ चं १०० होतं. आणि आपल्याकडच्या सायकलवाल्याच्या डब्यात सगळं ६८ चं. माझ्या बॉटम ब्रॅकेटचं बेअरिंग कटकट करायला लागलं तेव्हा शंभर रुंदीचं कार्ट्रिज शोधण्यात जेवढा वेळ गेला तेवढ्यात दुसऱ्या कुठल्याही सायकलची ओव्हरहॉलिंग झाली असती.

टॉर्क सेन्सरचंही तेच. स्वस्त सायकलींत कॅडेन्स सेन्सर असतो, म्हणजे पॅडल फिरतंय की नाही एवढंच त्याला कळतं, किती जोर लावताय ते नाही. रस्त्यावर चालून जातं पण मऊ वाळूत अर्धा फेरा मारल्यावर मोटर एकदम ढकलते आणि मागचं चाक स्वतःचाच खड्डा खणतं. टॉर्क सेन्सर असला की पायाच्या जोराप्रमाणे मदत मिळते, फार सुंदर वाटतं, डॉक्टरची तशी आहे. पण १०० रुंदीचा टॉर्क सेन्सर बिघडला तर मिळणार कुठे हा प्रश्न त्याने अजून तरी स्वतःला विचारलेला नाही.

टायरच्या हवेबद्दल लोकांना काहीच सांगितलं जात नाही आणि खरी मजा तर तिथेच आहे. रस्त्यावर १८-२० पीएसआय, ओल्या घट्ट वाळूवर दहाच्या आसपास, कोरड्या मऊ वाळूत ६-७. एवढ्या कमी हवेला साध्या पंपाचा काटा जागचा हलतही नाही, त्यामुळे लो-प्रेशरचा वेगळा गेज घ्या, काही शे रुपयांत येतो आणि सायकलचं अख्खं वागणं बदलतो. वाळूवरून परत डांबरावर आलात आणि हवा भरली नाहीत तर हँडल आपलंआपणच एका बाजूला ओढायला लागतं, नवीन माणसाला वाटतं फोर्क वाकला. मागे पंक्चर झालं तर मोटरची वायर सोडा, अठरा नंबरच्या पान्याने एक्सलचे नट काढा, वॉशर कुठल्या क्रमाने होते ते लक्षात ठेवा, आणि हे सगळं सात-आठ किलोचं चाक हातात धरून. ट्यूबमध्ये आधीच सीलंट घालून ठेवा आणि एक जाड ट्यूब घरात असू द्या. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे ती नसते.

पुढचा स्प्रिंगवाला फोर्क म्हणजे माझ्या मते निव्वळ शोभा. टायर स्वतःच एवढं दबतं की खालच्या खड्ड्याचं काम तिथेच होऊन जातं. या किंमतीतला फोर्क जड असतो आणि दोन पावसाळ्यांत त्याच्या नळ्यांना गंज येतो, साधा सरळ फोर्क दिला असता तर दोन किलो तरी वाचले असते. पण सरळ फोर्कची सायकल शोरूममध्ये गरीब दिसते म्हणून कोणी देत नाही.

गियर शिमानो टूर्नी, मागे सात चकत्यांचा फ्रीव्हील, त्याला नावं ठेवणारे खूप आहेत. मी नाही ठेवत. कुठेही मिळतो, स्वस्त आहे, कोणालाही लावता येतो. महाग डिरेलर (साखळी एका गियरवरून दुसऱ्यावर ढकलणारा) इथल्या हवेत तेवढाच गंजतो. ब्रेकवर मात्र पैसे घाला. ३० किलोची सायकल आणि वर आपण, त्याला केबलवाले १६० मिलीमीटरच्या डिस्कचे ब्रेक म्हणजे आज घट्ट केले की पुढच्या आठवड्यात परत ढिले. रिसॉर्टवाल्याच्या सायकलींत सगळ्यात आधी ब्रेकची केबलच जाते, मीठ आत जाऊन ती आवरणातच अडकते. त्याने दोन सायकलींना हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी तेलाच्या दाबावरचे, लावले आणि त्याची कटकट मिटली. फक्त बदलताना लिव्हरमध्ये मोटर कट-ऑफ आहे ना ते बघा. साध्या सायकलचा हायड्रॉलिक सेट लावला तर ब्रेक दाबलेला आणि मोटर चालूच, असं होऊ शकतं.

मिठाचं अजून एक. बीचवरून आलं की गोड्या पाण्याने धुवायचं पण बादली आणि फडक्याने. सर्व्हिसिंगवाल्याचा प्रेशर पंप हबच्या आणि कनेक्टरच्या तोंडावर मारू देऊ नका. लाटांच्या पाण्यातून सायकल घालून फोटो काढायचा मोह होतो, तो पाहुण्यांना भाड्याच्या सायकलवर पुरवून घेऊ दे.

डॉक्टरच्या भाच्याची गोष्ट वेगळी. त्याने ४८ व्होल्ट ७५० वॅटवाली आणली आहे, ती ४५ ने पळते, आणि हो, चालवायला भन्नाट आहे, मी चालवलीय. पण १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत २५० वॅटच्या आत आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तरच ती मोटार वाहन धरत नाहीत. त्याच्या वर गेलात की नंबर प्लेट, लायसन्स, इन्शुरन्स सगळं लागतं, आणि या सायकलीला ते मिळण्याचा रस्ताच नाही. उद्या कोणाला धडक बसली तर विमा कंपनी ओळख दाखवणार नाही. पोरगा म्हणतो बीचवरच चालवतो. बीचपर्यंत काय उचलून नेतो काय!

मग वसूल होते का? इथे बोर्लीपासून रेवदंड्यापर्यंत वाळू, शेताचे बांध आणि पावसानंतर चाळण झालेले रस्ते यात मला तरी होते. पेट्रोलचा खर्च म्हणाल तर अर्धं युनिटही लागत नाही एका चार्जला. पण पुण्या-मुंबईत घर ते ऑफिस करायला जाड टायर कशाला? २.४ इंची टायरची साधी ई-सायकल पाच-सात किलोने हलकी, तेवढ्याच बॅटरीत जास्त जाते, ट्यूब कोपऱ्यावर मिळते आणि सोसायटीच्या पायऱ्यांवरून उचलता येते. ३० किलो दुसऱ्या मजल्यावर नेऊन बघा एकदा, मग बोलू. दिसायला भारी दिसते हे कारण असेल तर तसं सांगा, त्यातही काही वाईट नाही, पण मग पॅडल-असिस्टचे गुण गाऊ नका.

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी, कारण सध्या तोच विषय चालू आहे. रिसॉर्टवाला दिवाळीनंतर जुन्या सायकली काढतोय आणि पंचवीस हजार सांगतोय. फ्रेम ठीक आहेत, मोटरचा आवाज ठीक आहे, मागचे स्पोक गंजलेत ते हजार-बाराशेत बदलून होतील. बॅटरीसाठी आम्ही असं ठरवलंय की त्याने रात्री फुल चार्ज करून द्यायची, सकाळी मीटरने ४२ दिसतात का बघायचं आणि मग नुसत्या थ्रॉटलवर कट-ऑफ होईपर्यंत रस्त्याने चालवायची. वीसच्या वर किलोमीटर गेली तर बॅटरीत जीव आहे, बाराला बंद पडली तर ती बॅटरी शून्य रुपयांची धरायची. बॉटम ब्रॅकेट हलवून बघायचंच. काका म्हणतात बॅटरी चांगली निघाली तरी अठराच्या वर जायचं नाही, मला वाटतं हायड्रॉलिक लावलेल्या दोनपैकी एक मिळाली तर वीस द्यायला हरकत नाही. रिसॉर्टवाला अजून पंचवीसवरच अडून बसलाय.