पस्तीस ग्रॅमचा फरक

गेल्या पावसाळ्यात, नेमबाजीच्या स्पर्धेला चार दिवस उरले असताना, अकरावीतली एक मुलगी वडिलांना घेऊन माझ्या रायफल दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये आली. "काका, ट्रिगर जड झालाय, साठ ग्रॅमवर आणून द्या," एवढेच तिचे म्हणणे होते, आणि प्रशिक्षकांनीही तसाच निरोप दिला होता. २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर बसून म्हणजे नीलिंग, झोपून म्हणजे प्रोन आणि उभे राहून म्हणजे स्टँडिंग) कांस्यपदक मिळवल्यापासून माझ्याकडे पॉइंट बावीसची रायफल घेऊन येणारी कोल्हापूरकडची मुले वाढली आहेत, आणि ट्रिगर जितका हलका तितके गुण जास्त हा समजही त्यांच्याबरोबरच येतो. या प्रकारात ट्रिगरच्या वजनाला, म्हणजे तो ओढायला लागणाऱ्या जोराला, किमान मर्यादा नाही, त्यामुळे प्रशिक्षकांनाही कोणी अडवत नाही.

रायफल अन्शुट्झची, दोन टप्प्यांच्या ट्रिगरची, म्हणजे पहिल्या टप्प्यात ट्रिगर हलका सरकतो आणि दुसऱ्यात गोळी सुटते. चेंबर (गोळी बसते ती जागा) रिकामे असल्याची खात्री करून मी ती नळी वर करून उभी धरली आणि वजन टांगायचा हूक, तिचे बोट जिथे टेकते नेमका तिथेच अडकवला. कारण ट्रिगरच्या पात्यावर तो जरा खाली सरकला तरी तरफ बदलते आणि माप खोटे येते. एकदाच मोजून स्क्रू फिरवणारे कारागीर मी पाहिले आहेत. मी दहा वेळा मोजतो. ९६, १०४, १२८, ९९, १३१ असे आकडे येऊ लागले, तेव्हा दोष स्प्रिंगचा नाही हे कळले.

स्टॉक (रायफलचा लाकडी-धातूचा दांडा) उतरवल्यावर सिअरच्या, म्हणजे फायरिंग पिन अडवून धरणाऱ्या खटक्याच्या, कडेला तपकिरी, चिकट थर दिसला. गंज चढू नये म्हणून कोणीतरी बोल्टच्या वाटेने तेल फवारले होते आणि त्यात गोळीवरचे मेण व न जळालेली पावडर कालवली गेली होती. अशा स्थितीत स्प्रिंग सैल केली असती, तर आकडे खाली आले असते, पण पस्तीस ग्रॅमचा फरक तसाच राहिला असता. शिवाय चिकटलेला सिअर पूर्ण जागेवर न येता बोल्ट बंद करतानाच गोळी सुटण्याची भीती होती. ट्रिगर व्हाइट पेट्रोलने धुऊन वाळवला, सुईच्या टोकावर मावेल एवढेच तेल दिले आणि एकाही स्क्रूला हात न लावता पुन्हा मोजला, तेव्हा दहाही मापे ९७ ते १०० ग्रॅमच्या आत आली. बोल्ट जोरात बंद करून, बटवर (खांद्याला टेकणाऱ्या टोकावर) तळहाताने ठोकूनही फायरिंग पिन सुटली नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः रेंजवर गेलो. नीलिंग आणि प्रोन उत्तम झाले. स्टँडिंगमध्ये मात्र दोन गोळ्या ती स्थिर होण्याआधीच सुटल्या, एक आठच्या वर्तुळात, एक सातच्या. रायफल खाली ठेवून ती म्हणाली, "काका, आधी तो थोडा अडायचा, तेवढ्यात मी स्थिर व्हायचे."

तिला रोज दोनशे ड्राय फायर (गोळी न भरता ट्रिगर ओढण्याचा सराव) करायला सांगितले आणि तिने ते केलेही. तरी स्पर्धेत तिचे स्टँडिंगचे गुण नेहमीपेक्षा चारने कमी भरले. साठ ग्रॅम केले नाहीत म्हणून ते गेले, हे प्रशिक्षकांचे म्हणणे मला मुळीच मान्य नाही. तशी मळलेली रायफल मी तिच्या हातात परत देऊच शकत नव्हतो. पण तिच्या बोटाने त्या मळाशी जमवून घेतले होते, आणि ते मी तिला आधी विचारायला हवे होते.

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा येणार आहे. स्वच्छ ट्रिगरला दुसऱ्या टप्प्यावर मुद्दाम १२० ग्रॅम लावून तिच्याकडून स्टँडिंगच्या चाळीस गोळ्या मारून घ्यायच्या, असे मनात आहे.