खोटा लायका घेऊन वेट्झलरला

फ्रँकफर्टहून तासाभराचा रेल्वेप्रवास, आणि गळ्यात लायका या जर्मन कॅमेऱ्याची बनावट प्रत. लायकाच्या जन्मगावी त्याची नक्कल मिरवत जाणं म्हणजे आगाऊपणाच. पण जमवलेल्या सगळ्या कॅमेऱ्यांत गोष्ट सांगावी ती याचीच, म्हणून निघताना हाच उचलला.

लान नदी ओलांडली की जुन्या गावाचा चढ लागतो. वर एकमेकांशी न जुळणाऱ्या मनोऱ्यांचं, शतकानुशतकं अर्धवट राहिलेलं कॅथीड्रल आहे. मला मात्र आयझेनमार्क्ट गाठायचा होता. लायकाचा जनक ऑस्कर बारनाकने १९१४ मध्ये आपल्या चिमुकल्या प्रायोगिक कॅमेऱ्याने या चौकाचा फोटो काढला होता. बारनाक लाइट्झ यांच्या सूक्ष्मदर्शकाच्या कारखान्यात नोकरीला. त्याला दम्याचा त्रास, आणि त्या काळचे काचपट्ट्यांचे कॅमेरे म्हणजे हमालीच. सिनेमाची फिल्म त्याने आडवी सरकवली, १८ × २४ मिलिमीटरची चौकट दुप्पट करून २४ × ३६ केली. मधे महायुद्ध गेलं. शेवटी धाकट्या एर्न्स्ट लाइट्झने धोका पत्करला आणि १९२५ च्या लाइपझिग जत्रेत लायका लोकांसमोर आला.

आता माझ्या पठ्ठ्याविषयी. अंगावर सोनेरी मुलामा, वर नाझी काळातल्या जर्मन हवाई दलाचा गरुड. पाहणारा हरखतोच! पण लेन्स फिरवून काढा आणि आत डोकवा. अस्सल लायकात अंतरमापकाच्या दांडीला टोकाशी गोल चाक असतं. इथे पाचरीसारखं टोक आहे. म्हणजे हा खारकिवचा ‘फेड’. अनाथ, बेघर मुलांसाठी तिथे एक वसाहत होती, शिक्षणतज्ज्ञ आंतोन माकारेंकोच्या देखरेखीखाली वाढलेली. सोव्हिएत गुप्त पोलिसांचा संस्थापक फेलिक्स एदमुंदोविच झेर्झिन्स्की, त्याचं नाव वसाहतीला आणि त्याची आद्याक्षरं कॅमेऱ्याला. लायकाबरहुकूम कॅमेरे तिथे १९३४ पासून नियमित बनू लागले. गरुड आणि सोनं ही नंतरच्या कुणा व्यापाऱ्याची करामत. ते खरवडून काढ, असं मित्र सांगतात. मी काढणार नाही. लबाडीसुद्धा या कॅमेऱ्याच्या चरित्राचाच भाग आहे.

लायका कंपनीच्या लाइट्झ पार्कमध्ये फार रमलो नाही. चकचकीत इमारत, काचेआडचे कॅमेरे. हात लावता येत नसेल तर संग्राहकाचा जीव तळमळतो.

आयझेनमार्क्टवर मात्र रेंगाळलो. फिल्म खालून भरायची, तीही तिच्या सुरुवातीच्या टोकाची जीभ कात्रीने लांब कापून घेतल्यावर. ते काम रात्रीच उरकलं होतं. लेन्स बाहेर ओढली, पिळून पक्की केली. आधी फिल्म पुढे घ्यायची, मगच वेग ठरवायचा, हा या जुन्या यंत्रांचा शिरस्ता. बारनाकच्या फोटोतलं लाकडी चौकटींचं घर अजून उभं आहे. शेजारून जाणाऱ्या एका गृहस्थांची नजर गरुडावर पडली आणि कपाळाला आठ्या पडल्या. मी लेन्स काढून त्यांना आतली पाचर दाखवली. ते मोठ्याने हसले, म्हणाले, “रशियन!” आणि फोटोसाठी स्वतःच त्या घरापुढे उभे राहिले.